जादूची खतावणी : कॉस्मियरचे नियम आणि वाचकांचे तर्क

2010 साली प्रकाशित झालेल्या 'द वे ऑफ किंग्ज' या कादंबरीच्या प्रारंभी गाविलार नावाच्या राजाचा खून होतो, आणि मरता मरता तो एक छोटासा स्फटिकगोल आपल्या मारेकऱ्याच्याच स्वाधीन करतो. त्या जगात असे गोल घरोघरी असतात. काचेत मढवलेले रत्न वादळात ठेवले की त्यात पांढरा प्रकाश भरतो, तो दिव्याला चालतो, चलन म्हणून चालतो आणि ज्यांना जमते त्यांना जादूसाठीही वापरता येतो. राजाच्या हातातला गोल मात्र काळ्या उजेडाने भरलेला होता. काळा उजेड म्हणजे काय, याचे एका शब्दानेही स्पष्टीकरण न देता कथा पुढे सरकते. वाचकांनी मात्र तो गोल सोडला नाही. त्यात एखादा दुष्ट जीव कोंडलेला असावा, असे कोणी म्हणाले; तो शत्रुदेवतेचा प्रकाश असावा, असे कोणी म्हणाले; आणि जे अधिक काटेकोर होते त्यांनी विचारले, की या जगातल्या उजेडाचा सगळा हिशेब आपल्याला ठाऊक असेल तर हा उजेड कोणत्या खात्यावर मांडायचा?

फॅन थिअरी म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर रिकामटेकड्या माणसांचे कल्पनांचे इमले येतात. ब्रँडन सँडरसन या अमेरिकी लेखकाच्या कॉस्मियर नावाच्या विश्वाबद्दल वाचक जे तर्क लढवतात, त्यांतले उत्तम तर्क कल्पनेपेक्षा हिशेब तपासनिसाच्या टिपणाला जवळचे आहेत. जमा कुठून झाली, खर्च कुठे पडला आणि ताळा का लागत नाही, एवढेच ते विचारतात. असे विचारणे शक्य का होते आणि ते कुठे फसते, हे समजून घ्यायचे तर काही कथानकांची रहस्ये फोडावी लागतील, त्यामुळे ज्यांना ही पुस्तके कोरी वाचायची आहेत त्यांनी हा लेख नंतरसाठी ठेवावा.

आधी विश्वाची ओळख. 'एलांट्रिस' (2005), 'मिस्टबॉर्न' (2006 पासून), 'वॉरब्रेकर' (2009) आणि 'द वे ऑफ किंग्ज'ने सुरू झालेली 'द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' ही मालिका वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेल्या जगांच्या कथा आहेत. प्रत्येकीचा ग्रह वेगळा, माणसे वेगळी आणि जादूही वेगळी. प्रत्यक्षात हे सगळे ग्रह एकाच आकाशगंगेत आहेत. फार पूर्वी अडोनाल्सियम नावाची एक आदिशक्ती होती, तिचे 16 तुकडे झाले, ते 16 जणांनी धारण केले आणि ते धारक निरनिराळ्या ग्रहांवर देवता होऊन स्थिरावले. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा एक हेतू आहे: एकाचा विनाश, एकाचे जतन, एकाचा सन्मान, एकाचा द्वेष. ज्या ग्रहावर जो तुकडा वसला, तिथली जादू त्या हेतूच्या वळणाने वाहते. या सगळ्या शक्तीला मिळून कॉस्मियरमध्ये 'इन्व्हेस्टिचर' म्हणतात, आणि तिच्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा नियम आपल्याला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून ओळखीचा आहे: ती निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, रूप बदलते.

सँडरसनने 2007 साली लिहिलेल्या एका निबंधात लेखनाचा एक नियम मांडला होता. जादूने पात्रांच्या अडचणी समाधानकारकपणे सोडवण्याची लेखकाची क्षमता, वाचकाला ती जादू किती समजली आहे यावर अवलंबून असते, असा त्याचा आशय. हा नियम इंग्रजी फँटसीच्या संदर्भात मांडला गेला असला तरी कीर्तनात हिरण्यकश्यपूची कथा ऐकलेल्या माणसाला तो समजायला अडचण पडू नये. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, हे वराचे शब्द श्रोत्यांना आधीच पाठ असतात, म्हणूनच संध्याकाळी उंबरठ्यावर प्रकटलेला नरसिंह त्यांना पळवाट वाटत नाही, उलट ती पळवाट आपल्यालाच सुचायला हवी होती असे वाटते. वराची कलमे आधी जाहीर करून मग त्यांतली फट दाखवायची, हीच कॉस्मियरची पद्धत आहे. फरक इतकाच, की इथे कलमे शेकडो आहेत, ती वीस वर्षांच्या पुस्तकांत विखुरलेली आहेत आणि फट पुढच्या पुस्तकात उघडी पडण्याआधी वाचक ती शोधत बसतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण 'मिस्टबॉर्न'च्या स्कॅड्रियल ग्रहावर सापडते. तिथे धातूंवर चालणाऱ्या तीन विद्या आहेत. ॲलोमन्सीत माणूस धातूचे कण गिळून पोटात 'जाळतो' आणि त्यातून शक्ती मिळवतो: पोलादाने आसपासच्या धातूला ढकलता येते, लोखंडाने ओढता येते, कथलाने इंद्रिये तीक्ष्ण होतात. फेरुकेमीत माणूस स्वतःचाच गुण धातूत साठवतो आणि गरजेच्या वेळी परत काढतो. हेमलर्जीत एका माणसाच्या शरीरातून धातूचा खिळा आरपार नेऊन त्याची शक्ती चोरली जाते आणि तोच खिळा दुसऱ्याच्या शरीरात ठोकून ती त्याला दिली जाते. आता यांचा जमाखर्च पाहावा. ॲलोमन्सीत शक्ती बाहेरून येते, माणूस निव्वळ फायद्यात राहतो. ती जतनाच्या देवतेची विद्या आहे. हेमलर्जीत चोरलेल्या मालापैकी काही वाटेत गळतो, एकूण बेरीज कमी होते. ती विनाशाची विद्या आहे. फेरुकेमीत जितके घातले तितकेच निघते. ती दोघांच्या समतोलातून आलेली आहे. लेखकाने हे तीन शेरे 2008 च्या 'द हीरो ऑफ एजेस'मध्ये प्रकरणांच्या सुरुवातीच्या टिपणांतच देऊन ठेवले.

फेरुकेमीचा व्यवहार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्याने तासभर निम्मी ताकद बाजूला ठेवली. तो तासभर तो अशक्त राहील, जिना चढताना धापा टाकेल, आणि नंतर कधीतरी त्याला तासभर दीडपट ताकद वापरता येईल. हीच ठेव घाईने, एका मिनिटात काढायची ठरवली तर हाती थोडी कमी येते, म्हणजे मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर बँक कापून घेते तसेच. आता या माणसाला ॲलोमन्सीही येत असेल आणि त्याने स्वतःच भरलेला धातू गिळून जाळला तर काय होईल? ॲलोमन्सीला वाटते आपल्याला नेहमीसारखा धातू मिळाला, ती बाहेरची शक्ती आत ओतते. पण धातूवर माणसाच्या स्वतःच्या गुणाचा ठसा असल्याने ती शक्ती त्या गुणाच्या रूपात बाहेर पडते आणि ठेवीच्या सुमारे दहापट होते. ती पुन्हा धातूत भरायची, पुन्हा जाळायची. पहिल्या पुस्तकातला सम्राट हजार वर्षे जगला तो याच चक्रवाढीवर, तारुण्याची ठेव भरत आणि जाळत. दोन्ही नियम वाचकाला पानोपानी सांगितलेले होते. फक्त ते एकत्र मांडून पाहायचे राहिले होते.

या शोधानंतर वाचकांची नजर प्रत्येक नियमाच्या शब्दांवर खिळली. फेरुकेमीचा आणखी एक नियम असा, की एकाने भरलेला धातू दुसऱ्याला वापरता येत नाही. का येत नाही? धातूला भरणाऱ्याची ओळख चिकटलेली असते म्हणून. मग ही ओळखच साठवता आली तर? ॲल्युमिनियममध्ये फेरुकेमीने स्वतःची ओळख साठवता येते. म्हणजे एखाद्याने आधी ओळख ॲल्युमिनियममध्ये बाजूला ठेवली आणि त्या बिनओळखीच्या अवस्थेत दुसरा धातू भरला, तर त्या ठेवीवर खातेदाराचे नावच राहणार नाही आणि ती कोणालाही काढता येईल. 2016 च्या 'द बँड्स ऑफ मोर्निंग'चे कथानक याच बिननावी ठेवींभोवती फिरते. 'दुसऱ्याला वापरता येत नाही' हे वाक्य निसर्गनियम म्हणून वाचले तर तिथे विचार संपतो. 'ओळख जुळत नाही म्हणून वापरता येत नाही' असे वाचले तर तिथूनच सुरू होतो. चांगली थिअरी बहुधा अशा एका 'म्हणून'मध्ये दडलेली असते.

आता दुसऱ्या टोकाचा ग्रह. 'एलांट्रिस'च्या सेल ग्रहावर हवेत बोटाने अक्षरे रेखून जादू करतात, आणि ती अक्षरे त्या देशाच्या भूगोलाच्या आकारावर बेतलेली असतात. कथा सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी ही जादू एकाएकी बंद पडलेली आहे. कारण शेवटी उलगडते: भूकंपाने देशात एक प्रचंड दरी पडली, नकाशा बदलला आणि अक्षरे मात्र जुनीच राहिली. नायक दरीची रेघ अक्षरात मिळवतो आणि जादू परत येते. हे कादंबरीपुरते पुरेसे होते. विश्व एकच आहे हे लक्षात आल्यावर मात्र वाचकांना प्रश्न पडला, की स्कॅड्रियलवरचा पोलाद ढकलणारा माणूस कुठल्याही देशात पोलाद ढकलू शकतो, तर सेलची जादूच जमिनीला का बांधलेली?

उत्तरासाठी कॉस्मियरची रचना थोडी समजून घ्यावी लागते. या विश्वात तीन लोक एकावर एक आहेत: आपल्याला दिसतो तो भौतिक लोक, वस्तूंना आणि माणसांना स्वतःविषयी जे वाटते त्याचा बोधलोक, आणि सगळे संबंध, ओळख, नियती जिथे असते तो आत्मलोक. आत्मलोकात स्थळ नावाची गोष्टच नाही, त्यामुळे तिथून येणारी शक्ती कुठेही मिळते. बोधलोकात मात्र जागा असते, अंतर असते. सेलवरच्या दोन देवतांना द्वेषाच्या देवतेने मारले आणि त्यांची शक्ती आत्मलोकात परतू नये म्हणून बोधलोकात कोंबून ठेवली. शक्ती जागेत अडकली, म्हणून जादू जागेला बांधली गेली. 2016 च्या 'आर्केनम अनबाउंडेड' या संग्रहात ख्रिस नावाच्या पात्राने लिहिलेल्या टिपणात हे उत्तर येते. 2005 च्या एका स्वतंत्र कादंबरीतला भूगोलाचा प्रश्न अकरा वर्षांनी विश्वरचनेच्या उत्तराशी जुळतो, हे वाचताना मला लेखकाच्या प्रतिभेपेक्षा त्याच्या टाचणवहीचे अधिक कौतुक वाटले.

वेगवेगळ्या ग्रहांच्या जादू एकाच मुळाच्या आहेत, याचा सर्वांत ठोस पुरावा मात्र एका तलवारीने दिला. 'वॉरब्रेकर'च्या नाल्थिस ग्रहावर प्रत्येक माणूस एक 'श्वास' घेऊन जन्मतो. तो दुसऱ्याला देता येतो, विकताही येतो, आणि पुरेसे श्वास जमवलेल्याला निर्जीव वस्तू हलवता येतात. तिथे नाइटब्लड नावाची एक काळी तलवार एक हजार श्वास ओतून जिवंत केलेली आहे. तिला म्यानाबाहेर काढले की ती धरणाऱ्याचे श्वास गिळू लागते, आणि ते संपले की जीव. 2014 च्या 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या शेवटी हीच तलवार 'स्टॉर्मलाइट'च्या रोशर या दुसऱ्याच ग्रहावर, दुसऱ्याच माणसाच्या हातात दिसते. 2017 च्या पुढच्या भागात ती उपसली जाते तेव्हा ती श्वास मागत नाही. धरणाऱ्याकडचा वादळप्रकाश, म्हणजे वादळात गोलांत भरतो तो प्रकाश, तितक्याच भुकेने पिते. श्वासावर चालणारे यंत्र वादळप्रकाशावर चालत असेल, तर दोन्ही एकाच इंधनाची दोन रूपे असली पाहिजेत. यानंतर 'सगळ्या जादू मुळात एक' हे विधान कल्पना न राहता निष्कर्ष झाले, आणि कोणते चलन कोणत्या दराने बदलून मिळेल याची आकडेमोड वाचकांनी सुरू केली.

हिशेब नेहमीच जुळतो असे मात्र नाही. ॲटियम नावाच्या धातूची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. स्कॅड्रियलवर दोन दैवी धातू आहेत. जतनाच्या देवतेचा धारक लेरास, त्याच्या देहाचा धातू लेरासियम. विनाशाच्या देवतेचा धारक आटी, त्याच्या देहाचा धातू ॲटियम. लेरासियमचा मणी ज्याने आयुष्यात कधी जादू केलेली नाही असा माणूसही गिळू शकतो आणि पूर्ण शक्तीचा जादूगार होतो. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी असे घडतेही. ॲटियम मात्र जन्मतः ती शक्ती असलेल्यांनाच जाळता येतो. दोन्ही धातू देवतांच्या देहाचे असतील, तर एकाला दार सताड उघडे आणि दुसऱ्याला कुलूप, हे कसे? शिवाय सुरुवातीच्या तक्त्यात ॲटियम सामान्य धातूंच्या रांगेत बसवलेला होता. पुढे कॅडमियमसारखे धातू आले, सोळाची रांग त्याच्याशिवायच पूर्ण झाली आणि तो बाहेर पडला. वाचकांनी हे लेखकासमोर ठेवले. पुढे त्याने सांगितले की पहिल्या तीन पुस्तकांत जो ॲटियम म्हणून वापरला जातो तो शुद्ध नसून त्यात इलेक्ट्रम (सोन्याचांदीचा मिश्रधातू) मिसळलेले आहे. मिश्रण असल्यामुळे तो जाळायला विशिष्ट शक्ती लागते.

ताळा लागला. पण नोंद मागाहून घातलेली आहे, हे झाकत नाही. सँडरसन वाचकांच्या प्रश्नांना जी उत्तरे देतो, ती चाहते 'वर्ड ऑफ ब्रँडन' म्हणून टिपून ठेवतात आणि त्यांना पुरावा मानतात. माझ्या मते हा पुरावा दुय्यमच धरावा. लेखकाने तोंडी दिलेले उत्तर पुढच्या पुस्तकात बदलू शकते, आणि तसे ते बदलू शकते हे तोही मोकळेपणाने मान्य करतो. जिथे त्याला रहस्य फोडायचे नसते तिथे तो 'रॅफो' म्हणतो, म्हणजे वाचा आणि स्वतःच शोधा. हा शब्द त्याने रॉबर्ट जॉर्डनकडून घेतला. जॉर्डन यांच्या निधनानंतर त्यांची अपुरी महामालिका सँडरसननेच 2013 मध्ये पूर्ण केली. अनुभवी चाहते 'रॅफो' मिळाल्यावर हिरमुसत नाहीत, कारण प्रश्न योग्य जागी लागल्याची ती पावती असते.

काही ठिकाणी तर हिशेब मुद्दाम अर्धवट सोडलेला आहे. बेंडअलॉय हा मिश्रधातू जाळणारा माणूस आपल्याभोवती वेळेचा एक फुगा तयार करतो, ज्याच्या आत काळ वेगाने धावतो. समजा, आत दहापट वेग आहे आणि आत कोणी तांबूस-नारिंगी दिवा लावला, ज्याच्या प्रकाशाची तरंगलांबी 600 नॅनोमीटर आहे. आतल्या एका सेकंदातली सगळी कंपने बाहेर एक दशांश सेकंदात उतरणार, म्हणजे बाहेरच्या माणसाकडे पोहोचणारा प्रकाश 60 नॅनोमीटरचा, तीव्र अतिनील होणार. पुस्तकांत मात्र लोक अशा फुग्याशेजारी सुखाने उभे असतात. हे लेखकाला ठाऊक आहे, आणि इथे आपण कथेसाठी भौतिकशास्त्राला मुरड घातल्याचे त्याने कबूल केले आहे. या मुद्द्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी, पण त्यातून पुढच्या पुस्तकाचे भाकीत निघेल अशी आशा धरू नये. तेच आकड्यांच्या खेळाचे. तुकडे 16, धातू 16, 'द हीरो ऑफ एजेस'मध्ये धुक्याने आजारी पडणारी माणसे नेमकी 16 टक्के. शेवटच्या आकड्याला कथेत खरोखर अर्थ आहे, ती देवतेने मागे ठेवलेली खूण आहे; पण त्यावरून प्रत्येक धातूची एकेका देवतेशी सोयरीक जुळवणे म्हणजे नुसत्या नावराशीवरून पत्रिका मांडण्यासारखे आहे, कारण अशी जोडी चुकीची ठरली तर ती कशावरून ठरेल हेच कोणी सांगत नाही.

आता पुन्हा तो काळा गोल. 2020 च्या 'रिदम ऑफ वॉर'मध्ये नवानी नावाची राणी, जी स्वभावाने संशोधक आहे, कैदेत असताना प्रकाशावर प्रयोग करते. प्रत्येक दैवी प्रकाशाला स्वतःचा स्वर असतो, हे तिला कळते. दोन स्वर जुळवून दोन प्रकाश एकत्र नांदवता येतात. मग एखाद्या स्वराच्या बरोबर उलटा स्वर देऊन उलटा प्रकाशही तयार होईल, या तर्काने ती तो तयार करते. मूळ प्रकाश आणि उलटा प्रकाश एकत्र आले की स्फोट होतो. राजाने दहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानांत दिलेल्या गोलात शत्रुदेवतेच्या प्रकाशाचे हेच उलटे रूप होते. शत्रुदेवतेचा प्रकाश म्हणणारे अगदी जवळ आले होते, फक्त चिन्ह चुकले होते, अधिकाच्या जागी उणे हवे होते.

आणि याच उत्तराने खतावणीत नवी नोंद उघडली आहे. उलट्या प्रकाशाने मारलेला आत्मा परत येत नाही. जे अमर मानले जात होते तेही त्याने कायमचे संपतात, हे त्याच पुस्तकात दिसते. मग जी शक्ती नष्ट होत नाही म्हणून सांगितले गेले, ती त्या क्षणी गेली कुठे? स्फोटाची उष्णता आणि धक्का हेच तिचे नवे रूप असेल, तर स्फोट मेलेल्याच्या शक्तीच्या प्रमाणात असायला हवा. आणि हजारो वर्षे जगलेल्या अमर योद्ध्याचा शेवट होतो तेव्हा पुस्तकात खोलीच्या भिंती उभ्याच असतात.